निकाह, मेहर आणि घरातला सलोखा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाह ठरताना, झाल्यावर आणि बिनसल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. कंसातले आकडे कुरआनचे आहेत. ४:३४ म्हणजे चौथी सूरह, चौतिसावी आयत. हनफी आणि शाफई या सुन्नी शरियतच्या दोन विचारशाखा; त्यांचं मत जिथे वेगळं पडतं तिथे दोन्ही दिली आहेत. मराठवाडा, विदर्भ आणि देशावरचे बहुतेक सुन्नी हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान शाफई. मुलगी चिपळूणची आणि मुलगा बीडचा असला की निम्मे वाद याच फरकातून निघतात.

१. निकाह हा संस्कार आहे की नुसता करार?

करार आहे, पण दुकानभाड्यासारखा नव्हे. दोन पक्ष, प्रस्ताव आणि स्वीकार, साक्षीदार, अटी, ठरलेली रक्कम, मोडायची पद्धत असं कराराचं सगळं यात आहे. लग्नानंतर बाईची मालमत्ता, वारसाहक्क, वडिलांचं नाव, काहीही नवऱ्याकडे जात नाही. तरी कुरआन याला ‘पक्कं वचन’ म्हणतो (४:२१), आणि हेच शब्द पैगंबरांकडून घेतलेल्या वचनासाठीही येतात (३३:७). लग्नाचा हेतू ३०:२१ मध्ये सांगितला आहे: एकमेकांपाशी निवांतपणा मिळावा, आणि त्यासाठी अल्लाहने दोघांमध्ये प्रेम आणि दया ठेवली. २:१८७ मध्ये नवरा-बायकोला एकमेकांचा पोशाख म्हटलं आहे, आणि हे दोन्ही बाजूंनी म्हटलं आहे, एकाच बाजूने नाही.

२. निकाह वैध व्हायला नेमकं काय लागतं?

एकाच बैठकीत ईजाब आणि कबूल, म्हणजे एका बाजूचा प्रस्ताव आणि दुसऱ्या बाजूचा स्वीकार. ते दोन्ही कानांनी ऐकणारे साक्षीदार. आणि दोघांची संमती. हनफी मतात दोन पुरुष किंवा एक पुरुष व दोन स्त्रिया साक्षीदार चालतात, शाफई मतात दोन पुरुषच. शाफईंमध्ये मुलीच्या वलीशिवाय, म्हणजे पालकाशिवाय (वडील, ते नसतील तर आजोबा, भाऊ या क्रमाने) निकाह होतच नाही. हनफी मतात सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते, वली असणं चांगलं एवढंच. मेहरचा (नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचा) उल्लेख राहिला तरी निकाह होतो; मग तिच्या घरातल्या तिच्यासारख्या मुलींना जेवढा मिळाला तेवढा (मेहर-ए-मिस्ल) द्यावा लागतो.

खुतबा (निकाहाच्या वेळचं प्रवचन) सुन्नत आहे, म्हणजे असलेला चांगला, पण अट नाही. काझी सोयीसाठी असतो, त्याच्यावाचून निकाह अडत नाही. हळद, संदल, वरात, मंडप यांतलं काहीही अट नाही.

चुका होतात त्या साक्षीदारांत. वकील (इथे मुलीची संमती विचारून आणणारा प्रतिनिधी) मुलीकडे जातो, सोबतचे दोघं दाराबाहेरच थांबतात, तिचा ‘हो’ त्यांनी ऐकलेलाच नसतो आणि वहीवर मात्र सह्या होतात. दुबईतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर निकाह लावायचा असेल तर बहुतेक मुफ्ती (धार्मिक निर्णय देणारे) एकच सुरक्षित वाट सांगतात: मुलाने इथल्या एकाला लेखी वकील नेमावं आणि त्या वकिलाने साक्षीदारांसमोर प्रत्यक्ष बैठकीत त्याच्या वतीने कबूल म्हणावं.

काझीच्या वहीतली नोंद आणि सरकारी विवाह नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्ट, व्हिसा, कोर्ट या सगळ्यांना दुसरी लागते.

३. मुलगी गप्प राहिली तर तो होकार धरायचा का?

हदीसमध्ये (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत) कुमारिकेचं मौन हा होकार मानला आहे, कारण लाजेने ती बोलत नसेल. विधवा किंवा घटस्फोटितेने मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. पण हे मौन विचारल्यानंतरचं आहे. न विचारता, दटावून किंवा रडत असताना मिळालेलं मौन त्यात बसत नाही. खन्सा बिन्त खिदाम यांचं लग्न वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावलं, त्या प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि तो निकाह रद्द झाला, ही नोंद बुखारी या हदीससंग्रहात आहे. ४:१९ स्त्रियांना जबरदस्तीने ‘वारसात घेण्याला’ साफ मनाई करतं. आमचं सांगणं एवढंच की मुलीला तिच्या आईने एकटीला विचारावं, आणि पत्रिका छापायच्या आधी विचारावं.

४. मेहर किती ठेवावा? ‘मेहर-ए-फातमी’ म्हणजे किती?

वरची मर्यादा नाही. ४:२० मध्ये ढीगभर संपत्ती दिली असली तरी परत घेऊ नका असं आहे. खालची मर्यादा हनफी मतात १० दिरहम, म्हणजे ३०.६१८ ग्रॅम चांदी. शाफई मतात किमान नाही, किंमत असलेली कोणतीही वस्तू चालते. लोखंडाची अंगठीही न मिळालेल्या एका गरिबाचा निकाह, त्याला पाठ असलेल्या कुरआनच्या बदल्यात लावून दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे.

मेहर-ए-फातमी ५०० दिरहम धरला जातो. भारतातले हनफी आलिम (धर्मपंडित) त्याचा हिशेब १३१ तोळे ३ मासे, म्हणजे १५३०.९ ग्रॅम चांदी असा करतात. दिरहमचं वजन थोडं कमी धरणाऱ्यांच्या हिशेबाने तो सुमारे १४८८ ग्रॅम येतो.

निकाहनाम्यात रुपयांचा आकडा न लिहिता चांदीचं किंवा सोन्याचं वजन लिहा. तीस वर्षांपूर्वी ‘७८६ रुपये’ किंवा ‘५,००१ रुपये’ लिहिलेल्या मेहरला आज काही अर्थ उरलेला नाही, आणि बाईला तो लागतो तेव्हा बहुधा तेवढी वर्षं उलटलेलीच असतात.

आणखी एक खोच. रोखीच्या आणि उधारीच्या मेहरचे उर्दू शब्द देवनागरीत दोन्ही ‘मुअज्जल’ असेच लिहिले जातात. तेव्हा सरळ मराठीत लिहा: ‘एवढा आत्ता दिला, एवढा बाकी, बाकीचा अमुक तारखेपर्यंत.’

५. बायकोने पहिल्याच रात्री मेहर माफ केला. आता देणं संपलं ना?

४:४ मध्ये दोन गोष्टी आहेत: मेहर खुशीने द्या, आणि तिने आपखुशीने त्यातलं काही सोडलं तर ते घ्या. आधी देणं, मग सोडणं. हातात न आलेली रक्कम नव्या नवरीकडून संकोचाच्या क्षणी माफ करून घेणं याला आपखुशी म्हणत नाहीत. मेहर हे कर्ज आहे. नवरा वारला तर वाटण्या होण्याआधी इस्टेटीतून ते फेडायचं (४:१२ मध्ये कर्ज आधी, वारसा नंतर), आणि मयताच्या खाटेपाशी विधवेकडून ‘माफ केला’ म्हणवून घ्यायची रीत त्याला पर्याय नाही.

एकत्र राहण्याआधीच तलाक झाला तर ठरलेल्या मेहरचा निम्मा (२:२३७). काही ठरलंच नसेल तर नवऱ्याच्या ऐपतीप्रमाणे काही द्यायचं (२:२३६).

मेहर आणि हुंडा एक नव्हेत. मेहर मुलाकडून मुलीला, आणि तो तिचाच. हुंडा उलट्या दिशेने जातो आणि त्याला कुरआनात कुठेही आधार नाही. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानेही मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून वगळलं आहे. तरी मोटरसायकल, फर्निचर, ‘मुलीला दिलेलं जहेज’ यांच्या याद्या चालूच असतात, आणि तेच लोक मेहरवरून तासभर घासाघीस करतात.

६. निकाहनाम्यात आपल्या अटी घालता येतात का?

येतात, आणि या पानावरचा सगळ्यांत कमी वापरला जाणारा हक्क हाच आहे. पाळायला सर्वांत हक्काच्या अटी त्या, ज्यांवर तुम्ही निकाह केला, अशी हदीस बुखारीत आहे. शिक्षण पूर्ण करणं, नोकरी, स्वतंत्र राहण्याची जागा, मेहरची मुदत या अटी लिहिता येतात. शरिया ज्याला हराम म्हणते ते आणि मूळ हक्कच काढून घेणाऱ्या अटी (‘खर्च देणार नाही’) टिकत नाहीत.

सर्वांत उपयोगी म्हणजे तलाक-ए-तफवीज: नवरा आपला तलाकचा अधिकार ठराविक प्रसंगी बायकोला सोपवतो. शब्द नेमके हवेत. ‘त्रास दिला तर’ असं मोघम लिहू नका. ‘माझ्या हयातीत दुसरा निकाह केला, सलग सहा महिने खर्च दिला नाही, किंवा मारहाण केली, तर मला स्वतःवर एक तलाक घेण्याचा अधिकार राहील’ असं लिहून नवऱ्याची आणि साक्षीदारांची सही घ्या. भारतीय कोर्टांनी असे करार मान्य केले आहेत.

७. घरखर्च कोणाचा? बायको कमावत असेल तर तिचा पगार कोणाचा?

खर्च नवऱ्याचा, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे (६५:७). अन्न, कपडा, निवारा तर आहेच, पण आजारपणाचा खर्चही आजचे बहुतेक आलिम त्यातच धरतात. बायको श्रीमंत असली तरी ही जबाबदारी हलत नाही. तिचा पगार, मेहर, माहेरचा वारसा तिचा (४:३२). तिने घरात घातला तर ते तिचं औदार्य. घराच्या हप्त्यात तिचे पैसे जात असतील तर कागदावर तिचं नाव हवं. ते ‘भेट’ होते की ‘उसने’ हे आधीच लिहून ठेवा. पुढे कोर्टात हेच सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

८. सासू-सासऱ्यांची सेवा बायकोवर फर्ज आहे का?

नाही. आई-वडिलांशी नम्रतेने वागण्याचा हुकूम (१७:२३-२४) त्यांच्या मुलाला आणि मुलीला आहे, सुनेला नव्हे. ती करते ते चांगुलपणाने करते आणि त्याची कदर व्हावी. हनफी फिक्हनुसार (धर्मशास्त्रानुसार) बायकोला स्वतंत्र जागेचा हक्क आहे: निदान कुलूप लागेल अशी खोली, आणि ऐपत असेल तर वेगळी मोरी-चूल. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे जमत नाही हे खरं, पण तिच्या कपाटाला तिचीच किल्ली असणं तिथेही जमतं.

मुलांबाबतचे निर्णय दोघांचे. दूध सोडवण्यासारखी गोष्टसुद्धा ‘दोघांच्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने’ असं २:२३३ सांगतं.

९. कुरआनात बायकोला मारायची परवानगी आहे असं ऐकतो. खरं काय?

आयत ४:३४ आहे आणि ती टाळून उत्तर देण्यात अर्थ नाही. नवऱ्याला ‘कव्वाम’, म्हणजे खर्च करणारा आणि सांभाळणारा म्हटल्यावर, बायकोच्या बंडखोर वागण्याबाबत (नुशूज) तीन पायऱ्या येतात: समजावणं, अंथरूण वेगळं करणं, आणि तिसरी जिचा अर्थ बहुतेक जुन्या भाष्यकारांनी ‘मारणं’ असाच घेतला. त्यांनी तिला कडक कुंपण घातलं: इजा नको, तोंडावर नको, खूण उठायला नको, मिसवाकने (दात घासायच्या काडीने) मारण्याइतपतच, असं प्रेषितांचे सहकारी इब्न अब्बास यांच्या नावे सांगितलं जातं. मक्केचे ताबिई (प्रेषितांच्या सहकाऱ्यांनंतरच्या पिढीतले) आलिम अता इब्न अबी रबाह तर मारूच नये, राग दाखवावा, असं म्हणत. आजचे काही अभ्यासक त्या शब्दाचा अर्थच ‘वेगळं होणं’ असा घेतात. ते मत अल्पसंख्य आहे.

वादापलीकडे असलेली गोष्ट ही: प्रेषितांनी (स.) आयुष्यात कधी बाई किंवा नोकरावर हात उचलला नाही, असं त्यांच्या पत्नी आयशा (रजि.) सांगतात (‘मुस्लिम’ हा हदीससंग्रह). तिसऱ्या पायरीचं नाव घेणाऱ्याने पहिल्या दोन प्रामाणिकपणे पार केल्याचं आम्हाला क्वचितच दिसतं. आणि भारतात मारहाण हा गुन्हा आहे. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. नुशूज नवऱ्याकडूनच होत असेल तर ४:१२८ पाहा, तिथे समेटाची वाट बायकोच्या बाजूने सांगितली आहे.

१०. भांडण मिटतच नाही. तलाकआधी काय करायला हवं?

४:३५: एक मध्यस्थ तिच्या घरातला, एक त्याच्या घरातला. ही बैठक बिघडते ती गर्दीमुळे. दोन्हीकडचे दहा-दहा जण, जमातीचे चार, आणि शेवटी जुनी उणीदुणी. म्हणून:

मध्यस्थ दोनच, आणि भांडणाशी संबंध नसलेले. सासू किंवा मेहुणा नको. आधी दोघांना वेगवेगळं ऐका. तक्रारी कागदावर घ्या आणि पैसा, राहणं, नातेवाईक, मारहाण-व्यसन अशा वेगळ्या करा. मारहाण असेल तर समेटाआधी तिची राहायची सुरक्षित सोय करा. जे ठरेल ते तारखेसह लिहा (‘१० तारखेपर्यंत अमुक रक्कम तिच्या खात्यात’) आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा बसा. मध्यस्थ परस्पर लग्न मोडू शकतात का यावर मतभेद आहेत. हनफी म्हणतात, त्यासाठी नवरा-बायकोने अधिकार दिलेला हवा.

नवऱ्याने बायकोजवळ न जाण्याची शपथ घेतली असेल तर ती चार महिन्यांपलीकडे ताणता येत नाही (२:२२६).

११. तलाकची योग्य पद्धत कोणती?

पाळी संपलेली असावी आणि त्यानंतर संबंध आलेला नसावा. अशा दिवसांत एकदाच ‘तलाक’ म्हणायचं आणि थांबायचं. बस्स. प्रेषितांचे सहकारी इब्न उमर यांनी पाळीत तलाक दिला तेव्हा प्रेषितांनी (स.) तो मागे घ्यायला लावला.

मग इद्दत सुरू होते, म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधी बाईने थांबायचा ठरलेला काळ (प्रश्न १३). या काळात बायको त्याच घरात राहते. तिला बाहेर काढायचं नाही, तिनेही निघायचं नाही (६५:१). खर्च नवऱ्याचा. मन बदललं तर इद्दत संपायच्या आत शब्दाने परत घेता येतं, नवा निकाह नको. दोन साक्षीदार ठेवा (६५:२). इद्दत संपली तर नातं संपलं, पण दोघांना हवं असेल तर नवा निकाह, नवा मेहर करून पुन्हा एकत्र येता येतं. त्यात हलालाचा (प्रश्न १५) प्रश्न येत नाही. फक्त खर्च झालेला तलाक मोजणीत राहतो. असे दोनदाच करता येतं (२:२२९).

‘तीन म्हटल्याशिवाय तलाक पुरा होत नाही’ हा समज साफ चुकीचा आहे. एकानेही लग्न मोडतं. तिसऱ्याने फक्त परतीची वाट बंद होते.

१२. एका दमात तीनदा म्हटलं तर?

कायद्याने लग्न मोडत नाही, उलट म्हणणाऱ्यावर गुन्हा होतो. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो खटल्यात ही पद्धत रद्द ठरवली आणि २०१९ च्या कायद्याने ती गुन्हा झाली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तोंडी, पत्राने की व्हॉट्सअॅपवर, फरक नाही.

फिक्हमध्ये मात्र मतभेद आहेत. चारही सुन्नी मजहबांतलं (विचारशाखांतलं) प्रचलित मत तीनला तीन धरतं. हनफी तर असं म्हणणं पाप आहे असंही सांगतात. अहले हदीस (मजहब न मानणारा सुन्नी गट) एकच मोजतात. त्यांचा आधार मुस्लिममधली इब्न अब्बास यांची हदीस आहे: प्रेषितांच्या (स.), पहिले खलीफा अबू बकर यांच्या आणि दुसरे खलीफा उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या काळात असे तीन एकच धरले जात. शिया मतात साक्षीदारांशिवाय तलाकच होत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, त्यात तोंडी तलाक बंद व्हावा ही मागणी होती.

१३. इद्दत किती दिवसांची?

तलाकनंतर तीन ‘कुरू’ (२:२२८). हनफी याचा अर्थ तीन पाळ्या घेतात, शाफई तीन पाळीमुक्त काळ. म्हणून कोकणातली इद्दत बऱ्याचदा काही दिवस आधी संपते. पाळी येत नसेल तर तीन महिने. गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत, मग ते उद्या असो वा आठ महिन्यांनी (६५:४). विधवेला चार महिने दहा दिवस, चांद्र महिन्यांनी (२:२३४). एकत्र राहण्याआधी तलाक झाला तर इद्दत नाही (३३:४९), पण त्या स्थितीत नवरा वारला तर विधवेची इद्दत आहे. हा अपवाद हमखास चुकतो.

विधवेने दवाखान्यात जायचं नाही, आरशात बघायचं नाही, हे लोकांनी जोडलेलं आहे. गरजेसाठी, नोकरीसाठी दिवसा बाहेर जाता येतं.

१४. बायकोला लग्न नको असेल आणि नवरा सोडत नसेल तर?

पहिली वाट खुला (२:२२९): मेहर किंवा ठरेल ते परत करून सुटका. साबित इब्न कैस यांच्या बायकोने सांगितलं की त्यांच्या धर्मात किंवा स्वभावात खोट नाही, पण मला त्यांच्यासोबत राहणं जमत नाही. मेहरची बाग परत केली आणि सुटका झाली. म्हणजे नवऱ्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मात्र दोष नवऱ्याचा असेल तर त्याने मोबदला मागणं फुकाहांना (धर्मशास्त्रज्ञांना) नापसंत आहे.

नवरा अडून बसला तर फस्ख, म्हणजे काझी किंवा कोर्टाकडून निकाह रद्द करून घेणं. भारतात १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्यासाठी आहे: चार वर्षं ठावठिकाणा नाही, दोन वर्षं खर्च नाही, सात वर्षं किंवा जास्त कैद, क्रूर वागणूक वगैरे कारणं. या वाटेने मेहर सोडावा लागत नाही. कलम ५ तो हक्क राखतं. म्हणून ठोस कारण असताना घाईने खुला करून मेहर घालवू नका.

१५. हलाला करून पहिल्या नवऱ्याकडे परत जाता येतं का?

२:२३० सांगतं की तिसऱ्या तलाकनंतर ती दुसऱ्याची बायको झाली आणि ते लग्नही पुढे आपसूक मोडलं, तरच पहिल्याशी पुन्हा निकाह होऊ शकतो. ठरवून, एका रात्रीसाठी लावलेल्या लग्नाला यात जागा नाही. ते करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या दोघांवर हदीसमध्ये लानत (शाप) आहे. कुणी पैसे घेऊन ‘सोय’ करून देत असेल तर पोलिसांकडे जा. एकदाच किंवा दोनदाच तलाक झाला असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही (प्रश्न ११).

१६. चार बायका करण्याची मुभा बिनशर्त आहे का?

नाही. ४:३ अनाथांच्या हक्कांच्या संदर्भात येते, उहुदच्या लढाईनंतर (इ.स. ६२५) विधवा आणि पोरक्या मुलांचा प्रश्न मोठा होता. तिथेच अट आहे: न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच. न्याय म्हणजे खर्च, राहण्याची जागा आणि रात्रींची वाटणी समान. मनाच्या ओढीत समानता जमणार नाही हे ४:१२९ मान्य करतं, पण एकीला लटकत ठेवू नका असं बजावतं. गोव्यात १९३७ चा शरियत कायदा लागू नाही. तिथे नोंदवलेलं लग्न असताना मुस्लिम पुरुषाला दुसरं करता येत नाही. महाराष्ट्रात बायकोला स्वतःचं रक्षण करायचं असेल तर प्रश्न ६ मधली अट.

१७. इद्दत संपल्यावर पोटगी मिळते का?

मिळते. घटस्फोटितेला रीतीप्रमाणे देणं २:२४१ मध्येच आहे. डॅनियल लतीफी खटल्यात (२००१) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या आत करायची. ती तरतूद इद्दतीपुरती नसते. जुलै २०२४ मध्ये त्याच कोर्टाने फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) मुस्लिम घटस्फोटितांनाही खुलं असल्याचं स्पष्ट केलं. मुलांचा खर्च यापेक्षा वेगळा मागा.

१८. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर?

पारंपरिक फिक्हनुसार मुस्लिम पुरुषाला यहुदी किंवा ख्रिस्ती स्त्रीशी निकाह करता येतो (५:५), इतर धर्मीयांशी नाही (२:२२१), आणि मुस्लिम स्त्रीला फक्त मुस्लिमाशी. केवळ निकाहपुरतं नावाचं धर्मांतर पुढे दोन्ही घरांना महागात पडतं. धर्म न बदलता लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. ३० दिवसांची नोटीस लागते. त्या कायद्याखाली दोन मुस्लिमांनी नोंदणी केली तरी वारसा शरियतऐवजी भारतीय वारसा कायद्याने जातो. नोंदणी कार्यालयात नुसतं ‘विवाह नोंदणी करायची’ म्हणू नका, कोणत्या कायद्याखाली ते आधी विचारा.

१९. रागात ‘तू मला आईसारखी’ म्हटलं गेलं. लग्न मोडलं का?

नाही. याला जिहार म्हणतात. खौला बिन्त सअलबा यांनी नवऱ्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा अठ्ठावन्नाव्या सूरहच्या सुरुवातीच्या आयती आल्या. प्रायश्चित्त झाल्याशिवाय जवळ जायचं नाही: गुलाम मुक्त करणं (आज शक्यच नाही), ते नाही तर सलग दोन महिने रोजे, तेही झेपत नसतील तर ६० गरिबांना जेवण. एक रोजा विनाकारण तुटला तर मोजणी पहिल्यापासून. आईसारखी मायाळू या अर्थाने म्हटलं असेल तर जिहार होत नाही; म्हणणाऱ्याचा हेतू काय होता ते मुफ्तींना खरं सांगा.

२०. मावशीने लहानपणी दूध पाजलं होतं. तिच्या मुलीशी निकाह होईल का?

होणार नाही. चुलत, मावस, मामे, आते भावंडांत निकाह चालतो, पण दुधाचं नातं सख्ख्यासारखं हराम करतं (४:२३). हनफी मतात दोन वर्षांच्या आतल्या वयात एकदा पाजलेलंही पुरे. शाफई मतात पाच वेगवेगळ्या वेळा पाजलेलं असावं लागतं. फक्त पिणारं मूल त्या घराचं होतं. त्याच्या सख्ख्या भावाने पिलं नसेल तर त्याला त्याच मावसबहिणीशी निकाह करता येतो. एकत्र कुटुंबात बाळंतपणाच्या वेळी जाऊबाईने पाजलं, हे बहुतेकदा आजीलाच ठाऊक असतं आणि ते साखरपुड्यानंतर निघतं. नात्यात सोयरीक बघत असाल तर घरातल्या म्हाताऱ्या बायकांना पहिल्या बैठकीआधीच विचारून घ्या.